काम नसताना लिस्बनला

कोल्हापूरच्या स्टँडवर मला सोडायला आबा, म्हणजे माझे वडील, साइटवरून तसेच आले होते. नखांत सिमेंट, पँट गुडघ्यांवर विरलेली. कंडक्टरने मोठ्या बॅगा बघून विचारलं, "कुठं निघालीस एवढं घेऊन?" तर माझ्याआधी आबाच म्हणाले, "अमेरिकेला." मग जरा थांबून, "कामासाठी."

आमच्या घरात प्रवासाला काम लागायचं. लग्न, मयत, दवाखाना, नाहीतर नवस. आबा फरशी बसवतात. गोव्याला ते चारदा गेले, हॉटेलच्या बाथरूममध्ये फरश्या बसवल्या आणि समुद्र न बघताच परत आले. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे माझं शिक्षण हेही घराचं कामच होतं. ते मी नीट करत होते, निदान तसं मला वाटायचं.

आता जर्सी सिटीत मला दुसरं वर्ष आहे. माझी रूममेट मृणाल इथेच जन्मलेली. मार्चच्या सुट्टीआधी तिने मला लॅपटॉपसमोर बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "स्प्रिंग ब्रेकमध्ये लायब्ररी? यार, नो. तू माझ्याबरोबर लिस्बनला येतेयस." तिची आई, शुभदा काकू, यांनी आपल्या साठलेल्या एअरलाइन पॉइंट्सवर माझं तिकीट काढलं. त्याआधी व्हिसाचे कागद भरायला एक अख्खा रविवार माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांचे आभार मला तेव्हा नीट मानता आले नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.

घरी मात्र मी सांगितलं, "प्रोजेक्ट सबमिट करायचाय, लायब्ररीतच असेन. तीन दिवस फोन जमणार नाही."

लिस्बन सुंदर आहे. चढउताराच्या गल्ल्या, खिडक्यांखाली वाळत घातलेले कपडे, निळ्या टाइल्सच्या भिंती. मी चौदा ठिकाणांची यादी करून नेली होती. पहिल्याच दिवशी मृणालने ती घडी करून आपल्या खिशात टाकली. "आधी कॉफी संपव." मी कॉफी संपवली, पण चव लागली नाही. आबा आत्ता कुठल्यातरी अर्धवट बांधलेल्या घरात ओणवे असतील, आणि मी उन्हात खुर्ची टाकून बसलेय, एवढंच डोक्यात होतं.

शनिवारी सकाळी एका चौकात एक मिस्त्री फुटपाथ दुरुस्त करताना दिसला. मुठीएवढे पांढरे दगड, मध्ये काळ्या दगडांची नागमोडी रेघ. एकेक दगड तळहातावर फिरवून त्याची बाजू निवडायची आणि हातोडीने ठोकून बसवायचा. हे फिरवणं मी लहानपणापासून पाहिलेलं. मी मृणालला काही न सांगता फोन लावला.

"आबा, मी लायब्ररीत नाही. पोर्तुगालला आलेय."

"कॉलेजनं पाठवलं काय?"

"नाही. नुसतं फिरायला."

मागे फरशी कापायचं मशीन चालू होतं. आबांनी कुणालातरी ते बंद करायला सांगितलं.

"मग खोटं का बोललीस?"

"तुम्ही तिकडं गुडघ्यांवर, आणि मी इथं..."

"म्हणजे तू पण गुडघ्यावर बसायचं ठरवलंस व्हय?" आबा म्हणाले. आवाज चढला होता, पण तो राग नव्हता. "आमच्या घरात एक जण बसतोय तेवढं पुरं की! परत खोटं बोलू नगंस. आणि ते ठकठक काय वाजतंय?"

मी व्हिडिओ चालू करून कॅमेरा फिरवला.

"खाली धर. अजून खाली. बघ, दोरी न्हाई, काटकोन बघायला गुण्या न्हाई, नुसत्या नजरेनं लावतोय गडी. आणि बसायला स्टूल घेतलंय! शाणा हाय." मग हाताखालच्या माणसाला हाक मारली, "ये रं, चहा घेऊन हिकडंच ये." आणि मला म्हणाले, "हात हलवू नगंस. बस जरा तिथंच."

मी पायरीवर बसले. वीसेक मिनिटं आम्ही दोघं त्या मिस्त्रीचं काम बघत राहिलो. मृणालने मध्येच डोकं घातलं, "हाय, आबा काका!"

"बाळ, हिला खायाला घाल. वाळलीया."

"काका, ती माझ्यापेक्षा डबल खाते!"

आबा इतके मोठ्याने हसलेले मी फोनवर पहिल्यांदाच ऐकले. त्यानंतरची कॉफी मला आवडली.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घरापासून लांब आहेत, त्यांना विचारायचंय, तुम्ही सुखाच्या गोष्टी घरी सांगता का? मी सांगत नव्हते. मार्क सांगायचे, फार तर थंडी सांगायची. मला वाटायचं, त्यांच्या कष्टांसमोर माझी मजा शोभणार नाही.

गेल्या महिन्यात आईचा तक्रारीचा फोन आला. "तुझ्या आबांनी रविवारचं काम सोडलं. म्हणाले, चल पन्हाळ्याला. म्हटलं, देवाला? तर न्हाई म्हणाले, वारं खायाला. येडं झालंय माणूस." पण हे सांगताना तिचं हसू लपत नव्हतं.

हल्ली अभ्यास झाला की मी हडसन नदीच्या काठावर जाऊन बसते आणि तिथूनच घरी फोन लावते. काय केलंस, असं आबा विचारत नाहीत. विचारतात, "वारं हाय काय?"

मी म्हणते, "आहे."