भूल कोण देणार?

कोल्हापुरात नाक सरळ करून देणारी, केस लावून देणारी, पोट उतरवून देणारी जेवढी म्हणून ठिकाणं आहेत, तिथल्या रिसेप्शनवरच्या मुली जगात एकाच बाईला घाबरतात आणि ती बाई माझी सख्खी आत्ती आहे. आत्ती कसबा बावड्यात राहते. थोडा ऊस, दोन म्हशी, जुन्या काळची मॅट्रिक आणि महिला मंडळाचं कायमचं अध्यक्षपद, असा तिचा पसारा. डोक्यावर पदर आणि दुखऱ्या गुडघ्यांसाठी पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, अशा थाटात ती क्लिनिकच्या काचेच्या दारातून आत शिरली की समोरची मुलगी उगाचच उठून उभी राहते. आत्तीच्या मागून तिची पिशवी धरून आत जाणारा ओशाळलेला माणूस म्हणजे मी. माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि दारात मोटार आहे. या दोन गोष्टींमुळे आत्तीच्या हिशेबी मी कायम रिकामा असतो.

या सगळ्याची सुरुवात तिच्या कानापासून झाली. तरुणपणापासून जड झुबे घालून तिच्या कानांच्या पाळ्या ओघळल्या होत्या आणि एक दिवस उजव्या कानाचं भोक पार खालपर्यंत फाटलं. आमच्या घरातल्या बायका अशा वेळी दागिना दोऱ्यानं कानाला अडकवून लग्न साजरं करतात. आत्ती मात्र थेट शहरातल्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेली. कान बधिर करून डॉक्टर टाके घालत होते, ही टक्क जागी होती, म्हणून हिनं विचारायला सुरुवात केली. धागा कसला? मला ह्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली तर काय करणार? ते औषध कुठं ठेवलंय? दाखवा की. डॉक्टर वयानं मोठे आणि स्वभावानं शांत. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, नर्सला कपाट उघडून औषध दाखवायला लावलं आणि निघताना कौतुकानं म्हणाले, "इतकं आजवर कुणी विचारलं नव्हतं." हे त्यांनी बोलायला नको होतं. आत्तीनं ते वाक्य पदवीसारखं घरी आणलं.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर इतर लोक फुलं आणि सुविचार टाकतात आणि आत्ती बातम्या टाकते. कुठं चरबी काढताना बाई दगावली, कुठं ब्यूटी पार्लरमध्ये ओठात काहीतरी भरलं आणि कातडं काळं पडलं, कुठं सुरकुत्या घालवायची नकली औषधं पकडली. बातमीच्या मागोमाग तिचा आवाज येतो, "ऐका रं सगळी. वाचून सोडू नगासा." भाकरी थापता थापता ती मला सांगते, "नाकात फिलर, ती उठाव द्यायची जेल, भरणं म्हंजे लई जपून काम बघ. रक्ताची नळी तुंबली तर डोळाबी जातोय. इरघळवायचं औषध जवळ पायजे." हे तिनं एका पार्लरवालीला जाऊन विचारलंसुद्धा. ती बिचारी म्हणाली, आमच्याकडे तसं कधी होत नाही. आत्ती म्हणाली, "आनि झालं की? पेशंट खुर्चीत ठेवून तू मेडिकल हुडकत फिरणार?"

शेजारच्या एका तरुणाचं लग्न ठरत होतं आणि त्याचे केस मागं सरकत होते. आत्ती त्याच्याबरोबर गेली, म्हणजे मी दोघांना घेऊन गेलो. चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते केस लावायचं सेंटर होतं. आत्तीनं विचारलं, "केस कोण लावणार?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आमची टीम आहे." आत्ती म्हणाली, "टीम म्हंजे? कबड्डी खेळायचीया काय, पावणं? डॉक्टर दाखवा." डॉक्टर आठवड्यातून एकदा बाहेरगावाहून येतात असं कळलं. आत्तीनं नवरदेवाला दंडाला धरून जिना उतरवला. त्यानं पुढं टकलासकट लग्न केलं, सुखात आहे आणि आत्तीला बघितलं की टोपी घालतो.

तिचं सगळंच बरोबर असतं असं मात्र मुळीच नाही. लग्नाच्या मांडवात बसून ती आल्यागेल्याचे चेहरे निरखते आणि कुजबुजते. तिची कुजबुज आचाऱ्यापर्यंत ऐकू जाते. एकदा तिनं नवरीच्या आईकडे बघून जाहीर केलं, "हिनं व्हट भरून घेतल्यात, आनि डाव्या बाजूला जास्त पडलंय." त्या बाईंनी आदल्या दिवशी दाढ काढली होती. आत्ती जराही वरमली नाही. "मग भूल कुणी दिलती?" असं तिनं त्यांनाच विचारलं.

मंडळातल्या एका बाईवर मात्र ती फारच घसरली. या बाई वजन उतरवायची इंजेक्शनं घेत होत्या. आत्तीनं भर बैठकीत त्यांना उभं केलं. "भूक मारायला सुई लागती व्हय? आमच्या येळंला कामानंच वजन उतरायचं," असं काय काय ती बोलली. बाई रडवेल्या होऊन खाली बसल्या. त्या बैठकीत चहा वाटायला आत्तीची सूनही होती.

या सुनेला, म्हणजे आमच्या वहिनीला, जुळी मुलं झाली. मुलं मोठी झाली, शाळेत जायला लागली, पण वहिनीचं पोट काही जागेवर आलं नाही. ती अवघडून चालायची, कंबर धरून बसायची आणि फोटोत कायम कुणाच्या तरी मागं उभी राहायची. एक दिवस तिनं धीर करून सासूला सांगितलं की मला पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचंय. दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, आता घरात काय होतंय म्हणून घाम फुटला. आत्ती शांतपणे म्हणाली, "पोट तिचं हाय. ती बघंल. मी फकस्त डॉक्टर बघतो."

वहिनीनं मोबाइलवर बघितलेलं पहिलं ठिकाण फार झगमगीत होतं. सणानिमित्त पोटाबरोबर मांड्यांची चरबी काढायचं एकत्र पॅकेज होतं, सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी. आत्ती खुर्चीवर पुढं सरकून बसली.

"भूल कोण देणार?"

"काळजी करू नका, आजी. आम्ही सगळं बघतो," तिथली मॅनेजर म्हणाली.

"सगळं बघणाऱ्याला नाव असतंय की. पेशंटचा श्वास अडकला तर कुठं नेणार?"

"जवळच मोठं हॉस्पिटल आहे."

"जवळ म्हंजे सिग्नलच्या अल्याड का पल्याड?"

मॅनेजर हसली. आत्ती हसली नाही. आम्ही बाहेर पडलो आणि कानवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वहिनीला तपासून सांगितलं की मुलांच्या वेळी पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, ते शिवता येतील, पण हे मोठं ऑपरेशन आहे. मांड्यांचं काही एकाच वेळी करायचं नाही. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशीच चालावं लागेल. आत्ती समाधानानं मान डोलवत होती, जणू तिनंच त्यांना शिकवलं होतं.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी वहिनीला तपासायला बोलावलं. वहिनी, आत्ती आणि मी, तिघंही आत गेलो. मॅडमनी विचारलं, "सध्या कुठलं औषध, इंजेक्शन चालू आहे?" वहिनीनं तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाली, "काय न्हाय. माझ्या घरात मला न कळता कोण तापाची गोळीबी घेत न्हाय." मॅडमनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी वहिनीला आत नेलं. आत्तीनं वॉर्डबॉयला ऑक्सिजनबद्दल विचारून घेतलं आणि बाकावर बसली. दादा येरझाऱ्या घालत होता. बऱ्याच वेळानं भूल देणाऱ्या मॅडम बाहेर आल्या.

"आज ऑपरेशन करत नाही. पेशंट बरी आहे. तिनंच तुम्हाला सांगायला सांगितलंय, म्हणून सांगते. ती वजन कमी करायची इंजेक्शनं घेते. आठवड्याला एक."

दादाच्या येरझाऱ्या थांबल्या. मॅडम सांगत होत्या, "या इंजेक्शनांनी पोट फार हळू रिकामं होतं. ती कालपासून उपाशी आहे, तरी आता सोनोग्राफीत पोटात अन्न दिसलं. अशात भूल दिली असती आणि उलटी होऊन ती फुप्फुसात गेली असती, तर..."

आत्ती उठली, तिचा आवाज चढला. "मग हे आधी नगं का इचारायला?"

"विचारलं होतं मी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "उत्तर तुम्ही दिलंत. आज आत ती एकटी होती, म्हणून बोलली."

आत्ती पुन्हा बाकावर बसली.

परतताना मोटारीत आत्ती माझ्या शेजारी बसली, वहिनी आणि दादा मागं. बावड्याच्या वळणावर आत्तीनं पुढं बघतच विचारलं, "सुया कुठं ठेवतीस?"

"मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये."

"डॉक्टरला इचारलंतंस?"

"न्हाई. तिनंच आणून दिल्या." वहिनी पुढं झुकली. "आत्ती, मंडळात त्या बाईंना तुम्ही काय बोललासा, ते मी ऐकलं हुतं."

"व्हय. बोललो हुतो," आत्ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला दुकान बंद करायला लावून त्या बाईंच्या घरी न्यायला सांगितलं. माफी बिफी ती काही मागणार नव्हती. चहाचा कप हातात धरून ती त्यांना म्हणाली, "तुला घ्यायची असंल तर घे. डॉक्टरच्या सल्ल्यानं घे. आनि कधी ऑपरेशनची येळ आली तर भूल द्यायच्या आदी सांग, ध्येनात ठेव." बाई उठून आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. मग त्यांनी आत्तीला हळदी-कुंकू लावलं आणि आत्तीनं ते मुकाट्यानं लावून घेतलं.

वहिनीचं औषधपाणी पुढं नीट डॉक्टरांच्या देखरेखीखाली आलं. वजन एका जागी स्थिरावेपर्यंत काही महिने थांबावं लागलं, इंजेक्शनं कधी बंद ठेवायची तेही त्यांनीच ठरवलं आणि मग ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या मॅडमच्या तपासणीला या वेळी वहिनी एकटीच आत गेली. आत्ती बाहेर दादाच्या शेजारी बसून राहिली.

ऑपरेशन संपवून डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि आत्तीसमोर उभे राहिले. आता प्रश्न सुरू होतील अशा तयारीनं त्यांनी चेहरा गंभीर केला होता. आत्ती उठली. पदराचं टोक तोंडाशी धरून ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी मीच विचारलं, "कशी आहे?"

"उत्तम," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनीला चालवायचं होतं. ती कमरेत वाकून, एकेक पाऊल टाकत व्हरांड्यातून निघाली आणि तिच्या कोपराला धरून, तितक्याच हळू, आत्ती. नर्स मदतीला आली तर आत्तीनं तिला हातानंच लांब केलं.

आत्तीला फोन अजून येतात. कुणाला नाक बदलायचंय, कुणाला डोळ्याखालच्या पिशव्या काढायच्यात. गुडघे साथ देतात तोवर ती जाते आणि मी पिशवी धरतो. घरात मात्र ती बदललीय. संध्याकाळी धारा काढून झाल्या की सासू-सुना बाहेरच्या सोप्यात बसतात. पूर्वी आत्ती शाळा, मुलं, बाजार, सगळ्याची उलटतपासणी घ्यायची. हल्ली ती सूप मांडीवर घेऊन लसूण सोलत गप्प बसते. परवा मी गेलो तेव्हा दोघी अशाच बसल्या होत्या. उजेड कमी होत चालला होता, साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आत्तीनं डोळ्यांनीच मला दटावलं. मग थोड्या वेळानं वहिनी आपणहून म्हणाली, "आत्ती, आज काय झालं सांगू?"

आत्तीनं सूप बाजूला सारलं आणि तिच्याकडे तोंड करून बसली.