गुरुपादप्पाचा हजेरीपट

गुरुपादप्पा हालकुडेला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, कसल्या तरी समितीवर नाव. समिती कसली ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. जत्रेची समिती त्यानं दोनदा भोगली होती. एसटीच्या थांब्यावर शेड व्हावी म्हणून निघालेल्या समितीचा तो चिटणीस होता, आणि लोक अजून तिथं उन्हातच उभे राहतात. किराणा दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी ह्याचं आधी खिशातला पेन नीट करणं चालायचं. पेन दोन. एक चालायचा.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावातल्या बाकीच्यांना एवढंच कळलं की आता कागदासाठी उस्मानाबादेला मरायला नको. गुरुपादप्पाला वेगळंच दिसलं. नवा जिल्हा म्हणजे नव्या समित्या, आणि समित्यांना माणसं लागणार. साखर कारखान्याकडं त्याच्यापेक्षा जाड माणसं लागलेली होती, दूध संघाकडं तर हाणामारी होती. प्रौढ शिक्षणाच्या समितीकडं मात्र कुणी फिरकत नव्हतं. गुरुपादप्पानं तिथं डोळा ठेवला. लातूरच्या कचेरीतल्या एका कारकुनानं त्याला सांगितलं की ज्याचा वर्ग जोरात त्याचं नाव पुढं. झालं, आठ दिवसांत गावच्या मठात प्रौढांचा वर्ग निघाला.

उद्घाटनाला तो बोलला चांगलं. पोथी दुसऱ्याच्या तोंडून किती पिढ्या ऐकायची, म्हणाला. आपण लिंगायत, प्रत्येकाच्या गळ्यात लिंग आहे, बाईच्या आहे तसं गड्याच्या आहे, मग पोथी वाचायला मध्ये दुसरा कशाला. येत्या श्रावणात आपल्या बाया स्वतः पोथी वाचतील. ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटा होता तो बोलणारा.

पहिल्या आठवड्यात चौघीजणी आल्या. त्यातल्या दोघी झोपल्या.

मग मृग कोरडा गेला, त्यामागं आर्द्रा गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गावातल्या विहिरींच्या तळाला कोंबड्या चरायला लागल्या. पाणी राहिलं एका मठाच्या विहिरीला, आणि तिच्या रहाटाच्या कुलपाची किल्ली मठाच्या स्वामींनी गुरुपादप्पाकडं दिलेली, ती त्याच्या करगोट्याला. त्यानं नियम काढला : दुपारच्या वर्गाला जो हजर, त्याला दोन घागरी. दुसऱ्या दिवशी मठात चौतीस बाया पाट्या घेऊन बसल्या. पाट्या पुढं, घागरी मागं.

तो शिकवायचा काय, तर काहीच नाही. अर्धा तास स्वतः किती राबतो ते सांगायचा. मग टेबलावर हजेरीपट उघडायचा आणि नावावर बोट ठेवून मंगलाष्टकं म्हणावीत तशा आवाजात आधी डोक्यावरचं वर्गाचा चालक म्हणून स्वतःचं आणि मग एकेक नाव घ्यायचा. बाया 'हाय' म्हणायच्या. तो शाईची टिकली द्यायचा. ते संपलं की रहाट सुटायचा. कुणी अक्षराचं विचारलं तर म्हणायचा, घाई करू नका, विद्या हळू चढते.

टेबलाला अगदी खेटून गुरम्मा बसायची. साठीची बाई, माहेर भालकीकडचं, आडतीवर धान्य निवडून पोट भरणारी. तिला एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ती जवळ. आपलं नाव चुकलं तर घागरी जातील ह्या धाकानं ती त्याच्या बोटाबरोबर नजर सरकवायची. रोज एकच पान, रोज तीच नावं, तोच आवाज. खडे निवडणाऱ्या बाईची नजर ती, तिच्यातून काय सुटणार.

चौतीसनं भागत नव्हतं. किल्लारीकडच्या एका वर्गात पन्नास दाखवलेत असं गुरुपादप्पाच्या कानावर आलं. त्यानं साठ करायचे ठरवले. पण जित्या माणसाचं नाव न विचारता घातलं तर ते घागरी मागायला येणार, नाहीतर भांडायला. मठाच्या भिंतीवर दान दिलेल्यांच्या पाट्या होत्या. त्यावरनं त्यानं सव्वीस नावं उतरवली. सगळी मेलेली.

आमच्या लिंगायतांत माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. नावाच्या आधी 'लिं.' लिहितात, आणि तसं नाव कानावर पडलं की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जुळतात. गुरुपादप्पानं सरकारला फसवायचं ठरवलं, पण मेलेल्याच्या नावाआधीचं 'लिं.' गाळायला त्याचा हात धजला नाही. त्यात त्याची आई नागम्माही होती. 'लिं.' न लावता आईचं नाव लिहायचं म्हणजे तिला परत संसाराला जुंपायचं. तेवढं पाप त्याला नको होतं, बाकीचं चालत होतं.

त्याची बायको उमाबाई म्हणाली, "जिती होती तवर सासूबाईला धड पानावर बसू दिलं न्हाई. आता शाळंत घातली."

हजेरीत तो 'लिंगैक्य शांतम्मा' असं पुरं नाव घ्यायचा. सगळा वर्ग हात जोडायचा. शांतम्माची सून, म्हणजे ही गुरम्माच, 'हाय' म्हणायची आणि सासूच्या वाटच्या दोन घागरी भरून न्यायची. गावात कुणी तक्रार केली नाही ती ह्याचमुळं. मेलेल्यांनी इतकं पाणी जन्मात कधी भरलं नव्हतं.

वैशाखात तपासणी आली. पर्यवेक्षक व्यंकटराव धोंडगे मूळचे हदगावकडचे. घाम पुसत आले, चहा नको म्हणाले, नुसतं पाणी प्याले. गुरुपादप्पानं त्या दिवशी दोन्ही पेन नवे लावले होते. साहेबाच्या खुर्चीला खुर्ची लावून तो असा बसला होता की जणू समितीची पहिली बैठक सुरूच झाली.

साहेबांनी पट पाहिला, बाया मोजल्या. चौतीस. बाकीच्या कामावर गेल्यात, गुरुपादप्पा म्हणाला. दुष्काळी कामं चालू होती, साहेबांनी मान हलवली. इथवर सगळं त्याच्या मनासारखं चाललं होतं. मग साहेब म्हणाले, एखादीला वाचू तर द्या. त्यांनी पोथी उघडून समोर धरली. बाया एकमेकींच्या मागं सरकल्या. गुरुपादप्पा म्हणाला, लाजतात साहेब, बाईमाणूस.

"मी वाचते की," गुरम्मा म्हणाली.

पोथी हातात घेतली, बघितली, खाली ठेवली. "हे न्हाई येत. अप्पानं जे शिकवलं ते वाचते."

आणि तिनं टेबलावरचा पट ओढला. गुरुपादप्पा अर्धा उठला. साहेबांनी त्याला हातानंच खाली बसवलं.

"चालक, गुरुपादप्पा हालकुडे," ती वाचायला लागली. बोट ठेवून, न अडखळता. "गुरम्मा. सरजाबाई. पार्वतीबाई." साहेब खुशीत आले, पुढं झुकले. गुरुपादप्पाच्या जिवात जीव आला, आपण खरंच शिकवलं की काय असंही त्याला वाटून गेलं असेल. तेवढ्यात चौतीस नावं संपली.

"लिंगैक्य शांतम्मा," गुरम्मा म्हणाली आणि पट मांडीवर ठेवून हात जोडले. सगळ्या वर्गानं जोडले. पुढचं नाव. परत हात. साहेबांना आधी वाटलं प्रार्थना असेल. पाचसहा नावं झाल्यावर ते चुळबुळले. मग आलं, "लिंगैक्य नागम्मा," आणि साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या गुरुपादप्पाचे हात वर गेले, जुळले, मान खाली वाकली. रोजची सवय. अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं, पण आईच्या नावाला जोडलेले हात मधेच सोडवेनात.

"हे काय करून राहिले तुम्ही?" साहेबांनी त्याला विचारलं. "कोण ह्या नागम्मा?"

सरजाबाई मागून म्हणाली, "त्येंची आई हाय. वारून धा वर्सं झाली."

"मग वर्गात?"

"रोज हजर ऱ्हाती साहेब. एक खाडा न्हाई."

बाया पदरात हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी सव्वीस नावांवर तिरपी रेघ ओढली. खाली शेरा लिहिला : वाचन करू शकणारे प्रौढ, एक. गुरम्माला पूर्ण नाव विचारून घेतलं आणि उन्हातच निघून गेले. गुरुपादप्पा एसटीपर्यंत मागं गेला. त्या बिनछताच्या थांब्यावर त्यानं अर्धा तास समजावून सांगितलं की आमच्यात आत्मा मरत नाही.

वर्ग त्यानं बंद केला. रहाटाची किल्ली मात्र बायांनी स्वामींना सांगून त्याच्याकडनं काढून घेतली, आणि पाणी हजेरीशिवाय मिळायला लागलं. समितीची आशा गुरुपादप्पानं तरीही सोडली नाही. तो दर सोमवारी लातूरला जायचा, धोंडग्यांच्या वरच्या साहेबाला तुरीची डाळ देऊन यायचा आणि दुकानात सांगायचा की कागद निघालाय, सहीला पडलाय.

कागद आला तो श्रावणाच्या तोंडावर. पोस्टमननं गुरम्माच्या हातात दिला. ती तशीच दुकानात आली, कारण गावात दुपारी वाचणारा तो एकच सापडायचा. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. गुरुपादप्पानं जिल्ह्याचा शिक्का पाहिला आणि त्याचे कान लाल झाले. ओळींवरनं डोळे धावले. मग तो घसा साफ करून म्हणाला, "सरकारी कागद हाय. प्रौढ शिक्षणाच्या समितीवर मला..."

गुरम्मानं काउंटरवरनं हात लांब करून कागदावर बोट ठेवलं.

"हे माझं नाव हाय, अप्पा. तुमचं मला वाचाया येतंय, पटाच्या डोक्यावरच असायचं. ते ह्यात न्हाई." बोट तिथंच ठेवून तिनं सगळा कागद एकदा वरून खाली निवडल्यासारखा बघितला. "न्हाईच. बाकीचं काय लिवलंय ते वाचा."

गिऱ्हाईकं थांबली होती. आणि ग्रामीण प्रौढ शिकाऊ महिलांच्या प्रतिनिधी म्हणून गुरम्माबाईंची जिल्हा समितीवर सदस्य म्हणून नेमणूक केल्याचं ते पत्र, गुरुपादप्पा हालकुडेनं दुकानात उभं राहून मोठ्यानं वाचलं. तिच्या एका कानाला कमी ऐकू यायचं म्हणून दोनदा.