तळ्याच्या पोटातली ज्वारी

नगर सोडल्यावर एसटी एकामागून एक पूल ओलांडते, पण पाणी कुठेच लागत नाही. पुलांवर नद्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. खाली वाळू, वेड्या बाभळी आणि शेळ्या. शेजारी बसलेली शर्मीन प्रत्येक पाटी मला वाचायला लावत होती आणि नाव हळूच स्वतःशी म्हणून बघत होती.

शर्मीन बांगलादेशातली. तिथल्या एका विद्यापीठात ती पुरावर संशोधन करते. नदीच्या पात्रात वर येणाऱ्या आणि पुन्हा बुडणाऱ्या जमिनीवर लोक शेती कशी करतात, हा तिचा विषय. तुलनेसाठी परदेशातलं एक ठिकाण हवं म्हणून तिने बीड जिल्हा निवडला होता. मी चिपळूणची. पूर्वी वर्तमानपत्रात बातम्या लिहीत असे, या दौऱ्यात तिची दुभाषी होते. पूर म्हणजे काय हे आम्हा दोघींना घरूनच माहीत होतं.

कंडक्टरने तिकीट फाडताना चौकशी केली. मी सांगितलं.

"पूर बघाया? बीडात?" त्याने मागच्या सीटवरच्या माणसाकडे बघून डोळे मिचकावले. "बाई, पत्ता चुकला तुमचा. हितं आमी अंगुळीच्या पान्यात कपडे धुतोत, अन् त्येच पानी झाडाला घालतोत."

शर्मीनला जे बघायचं होतं त्याला इथे गाळपेर म्हणतात (तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी). आम्ही ज्या तलावावर गेलो त्याचं आणि गावाचं नाव लिहू नये, असं गावाने सांगितलं. एवढं सांगता येईल की गाव माजलगावच्या उसाच्या पट्ट्यापासून दूर, मुरमाड टेकाडावर आहे. जुनं गाव खाली होतं. तलाव झाला तेव्हा घरं आणि काळी रानं पाण्याखाली गेली आणि लोक टेकाडावर आले. पाऊस पडला की त्यांची जमीन जाते, पाऊस हुकला की परत मिळते. त्या वर्षी पाऊस हुकला होता. दिवाळीलाच तळ उघडा पडला होता.

बुडीत कुटुंबांची एक सहकारी सोसायटी आहे. तळ उघडा पडला की सोसायटीची माणसं खाली उतरतात आणि ज्याचं जुनं रान जिथे होतं तिथेच त्याला गाळ देतात. नकाशा लागत नाही. चिंचेचा खुंट, विहिरीचं कडं, मारुतीच्या पाराचा चौथरा एवढ्या खुणा पुरतात. सोसायटीचे चेअरमन भानुदासआबा आम्हाला घेऊन खाली उतरले. सत्तरीचा, बारीक अंगाचा माणूस. चालता चालता ते पायाने जागा दाखवत होते.

"ही आमची शाळा. हितं मी मार खाल्लाय. ह्यो देशमुखाचा गोठा. अन् ही इंदूबाईच्या घराम्होरली वसरी. आता तिनं वसरीतच जवारी पेरलीय."

टेकाडावर गवताची काडी नव्हती. इथे खाली डोक्याइतकी ज्वारी उभी होती. जमिनीला पाऊल मावेल एवढ्या भेगा, पण खोल गाळात ओल होती आणि ताटं हिरवीगार. दूर, तळ्याच्या अगदी खोलगट भागात, उरलेलं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं.

इंदूबाईने आगटी (हुरडा भाजायची शेकोटी) पेटवली. पन्नाशीची बाई, आवाज मोठा. कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून तिने ती तळहातावर चोळली, दाणे फुंकले आणि जवसाच्या चटणीबरोबर आमच्या पुढ्यात ठेवले. शर्मीनने पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा. मग माझ्याकडे वळून म्हणाली, यांना सांग, हे खूप चांगलं आहे. मी सांगितलं.

"सांगायला कशाला पायजे? तोंडावर दिसतंय की," इंदूबाई म्हणाली.

तिची सून सुनिता बाजूला बसून कणसं खुडत होती. शर्मीनने बांगलादेशातून गमबूट आणले होते आणि त्या कोरड्या तळ्यात ते घातलेही होते. सुनिताची नजर त्यांच्यावरून हटत नव्हती.

"म्याडमला म्हनावं, त्या बुटात माजी शेळी मावल."

"गप ए," इंदूबाई म्हणाली, पण हसली.

सुनिताला पाचवा महिना होता. हे कुटुंब दरवर्षी मुकादमाच्या टोळीतून ऊसतोडीला जातं. नवरा-बायकोच्या जोडीला इथे कोयता म्हणतात. आदल्या हंगामात उसाच्या फडातच, डोक्यावर मोळी असताना, सुनिताचं मूल गेलं होतं. इंदूबाईने हे आवाज न उतरवता सांगितलं.

"तवाच मी म्हनलं, ह्या वर्साला कोयता न्हाई. अंकुशला बी सांगितलं, मुकादमाचा फोन आला तर उचलू नको. एवढी जवारी घरात पडू दे. वरीसभर भाकर हाय. मंग पोरगी हितंच बाळंत होईल, माज्या डोळ्याम्होरं."

ज्वारी पक्व व्हायला महिनाभर हवा होता.

आमचं काम सुरू झालं. शर्मीन गाळाची ओल मोजायची, भेगांत काठी घालायची, बायकांना प्रश्न विचारायची. रोज दुपारी कुठल्यातरी घरून धपाटे आणि दही यायचं. पाणी मात्र मोजून. टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्या दिवशी गावात दुसरं काही काम होत नसे. एकदा मी तांब्याभर पाण्याने हात धुतले, तर शेजारच्या म्हातारीने माझ्या हाताखाली घमेलं सरकवलं आणि ते पाणी म्हशीपुढे ठेवलं.

एका सकाळी भानुदासआबा टेकाडावरच्या पारावर बसून होते. त्यांना तालुक्याहून फोन आला होता. वरच्या धरणातून कालव्याने या तलावात पाणी सोडलं जाणार होतं. तालुक्याचं गाव आणि आसपासची खेडी या तलावावर पितात, आणि तळाशी उरलेलं पाणी आता पंपाला लागत नव्हतं.

आबा दोन माणसांना घेऊन कचेरीत गेले. संध्याकाळी परतले तेव्हा सगळी सोसायटी पारावर जमली होती.

"काय म्हनले सायेब?" इंदूबाईच्या मुलाने, अंकुशने विचारलं.

"पिन्याचं पानी हाय म्हनले. पिन्याचं पानी थांबवता येत न्हाई."

"मंग तुमी काय म्हनलाव?"

"काय म्हनू? खरंच हाय की त्ये."

कोणीतरी मागून ओरडलं, "महिनाभर थांबा म्हनायचं व्हतं आबा!"

"म्हनलो. त्यांनी मला इचारलं, महिनाभर तालुक्याला काय पाजायचं? तू सांग, काय पाजायचं?"

ओरडणारा खाली बसला. मग इंदूबाई म्हणाली, "पानी नको तरी कसं म्हनावं? आपला टँकर त्याच तळ्यातून भरतंय."

मी हे वाक्य शर्मीनला भाषांतर करून सांगितलं. तिने ते मला पुन्हा सांगायला लावलं.

पाणी आलं ते कोणाच्या लक्षात येणार नाही असं. आवाज नाही, लोंढा नाही. शर्मीनने उरलेल्या पाण्याच्या कडेला रोवलेल्या काठ्या एकेक करून आखूड होत गेल्या. भेगा आधी काळ्या पडत, मग त्यांत पाणी दिसे, मग भेग दिसेनाशी होई. आमच्याकडे पूर अंगावर येतो. हा पाय न वाजवता येत होता. तिथल्या लहान मुलांनी एवढं पाणी बरेच महिने पाहिलं नव्हतं, ती त्यात खेळत होती.

ज्वारी आणि पाणी यांच्या मध्ये जुन्या गावाचा रस्ता होता. भर घालून उंच केलेला, तळ्याच्या पोटात अजून टिकलेला. त्याच्याखाली एक मोरी होती (रस्त्याखालून पाणी जाण्याचा नळ). मोरी बुजवली तर रस्त्याचाच बांध होईल आणि महिनाभर ज्वारी कोरडी राहील, असं ठरलं. शर्मीनला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडेही असंच करतात.

दुसऱ्या दिवशी एकही घर मागे राहिलं नाही. खताची रिकामी पोती, टोपली, खोरी, जे हाताला लागलं ते घेऊन सगळे उतरले. शेताच्या बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ एकच पोतं दोन्ही टोकांना धरून नेत होते. तेव्हाही बोलत नव्हते. इंदूबाईने सुनिताला टेकाडावरच बसवलं होतं. ती तिथून भाकरी पाठवत होती.

माती उचलण्यावरून मात्र खटका उडाला. लोक रस्त्याला लागूनच, ज्वारीच्या बाजूने खणत होते. शर्मीन माझा दंड धरून म्हणाली, यांना थांबव. पिकाच्या बाजूला खड्डे केले की बाहेरचं पाणी जमिनीखालून तिथे वर येतं. माती पाण्याच्या बाजूने घ्यायला हवी.

मी आबांना सांगितलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"बाई, नालाबांध, पाझर तलाव, जलमभर हेच केलंय आमी. माती बांधाच्या आतून घ्यायची."

"पण ते पाणी साठवायला," शर्मीन म्हणाली. "तिथे आत पाणी असतं, इथे आत पीक आहे."

"आन् तिकडून कशी घेऊ? तिकडं गुडघ्याएवढा चिखल झालाय. मानूस रुततंय, पोतं कवा भरायचं?"

दोघांचंही बरोबर होतं. या जिल्ह्यात बांध घालायचा तो पाणी आत ठेवण्यासाठी. पाणी बाहेर ठेवण्याची वेळ त्यांच्यापैकी कोणावरही आलेली नव्हती. शर्मीनने मातीचं एक ढेकूळ उचलून चुरून बघितलं. ही माती माझी नाही, ती म्हणाली, मला खात्री नाही. आणि तीही पोतं धरायला गेली.

मोरी बुजली. काही दिवस बांधाने टिकाव धरला. रस्त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कणसं. बायका संध्याकाळी रस्त्यावर येऊन उभ्या राहत. हुरड्याचे दाणे कडक होऊ लागले होते. इंदूबाई रोज एक कणीस दाताखाली धरून बघायची.

एका दुपारी सगळ्यांच्या नजरा मोरीकडे होत्या. पोती जागेवर होती, एक थेंबही झिरपत नव्हता. अंकुश पाठमोरा वळला आणि थांबला. मागच्या खड्ड्यात पाणी होतं. ते उकळल्यासारखं वर येत होतं, गढूळ, बुडबुडे काढत. मग दुसऱ्या खड्ड्यात. मग ज्वारीच्या ओळींमध्ये, भेगाभेगांतून. काळ्या मातीला तडे खोलवर असतात. रस्त्याखालून ते सलग गेलेले होते.

खड्ड्यांवर पोती टाकली गेली. माणसं पोत्यांवर उभी राहिली. पाणी त्यांच्या पायांच्या बाजूने येत राहिलं. संध्याकाळी आबांनीच सांगितलं, "विळे आना."

दाणा अजून भरला नव्हता. कापलं ते गुरांपुढे टाकण्यापुरतं. इंदूबाई मांडीभर पाण्यात उभी राहून कापत होती. वसरीच्या जागी आली तेव्हा तिने विळा थांबवला. वाकून पाण्यात हात घातला, तळाशी काहीतरी चाचपलं, आणि पुन्हा कापायला लागली.

मुकादमाचा फोन अंकुशने उचलला तो त्यानंतर. हंगामाचे उरलेले महिने माजलगावकडच्या एका टोळीत कोयत्याची जागा होती. एकट्या माणसाला घेत नाहीत, जोडी लागते. इंदूबाईने सुनिताच्या ऐवजी मी येते म्हणून सांगून पाहिलं. मुकादम म्हणाला, म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढत नाही.

आम्ही माजलगावमार्गे निघालो, त्याच एसटीत अंकुश आणि सुनिता होते. एक बोचकं, एक डबा, आणि फडक्यात गुंडाळलेले दोन कोयते. इंदूबाई फाट्यापर्यंत आली होती. तिने सुनिताच्या ओटीत गूळ घातला, अंकुशला दरडावलं, "मोळी लहान बांध, ऐकलास का बे?" आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागली.

शर्मीनने वाटेत विचारलं, तुझ्या मते चूक कोणाची होती? बातमी लिहिताना या प्रश्नाचं उत्तर पहिल्या परिच्छेदात द्यायचं असतं. मी शोधलं. पाणी सोडणाऱ्यांना तहानलेल्या गावांना पाजायचं होतं. गावाने माणसाने करायचं ते सगळं केलं होतं, आणि एकत्र केलं होतं. मी तिला हे दोन्ही सांगितलं.

पुढे रस्ता त्याच कालव्याच्या कडेने जातो. एका पुलावर गाडी थांबली. गावचे लोक पाण्याची पूजा करत होते. हळदकुंकू, नारळ, हिरवी चोळी. एका माणसाने खिडकीखिडकीतून खोबऱ्याचे तुकडे आत दिले. सुनिताने तुकडा कपाळाला लावला आणि खाल्ला.

पूल सुटल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, माणूस बुडेल एवढा उंच. काठावर मोटारी आणि कालव्यात सोडलेले पाइप होते. सुनिता खिडकीला कपाळ टेकून बघत होती.

"तिकडं पानी असंल नव्हं फडात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"लई," अंकुश म्हणाला. "पान्याला काय तोटा न्हाई तिकडं."

ती पोटावर हात ठेवून बसली. कालवा काठोकाठ भरलेला होता. पाणी समोरून येत होतं आणि आमच्या उलट्या दिशेने, तिच्या गावाकडे चाललं होतं.