‘काही नाही, घरीच’

दिग्रसच्या स्टँडवर आम्ही बापलेक पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभे होतो. ऊन कलतं झालं होतं. पायाशी पत्र्याची पेटी, पेटीवर स्टोव्ह, थैलीत तिखट अन् ज्वारीचं पीठ. माझ्या पोरीनं, वंदनानं, कॉलेजचे कागद मात्र छातीशी धरलेले. तेवढ्यात आमच्या तांड्याचा नायक तिथून निघाला. आता तांड्याचा पुढारी असला तरी लहानपणी आम्ही दोघांनी ढोरं सोबत चारलेली. निघालेल्या माणसाले कुठं चालला असं विचारू नये, हे त्याले चांगलं माहीत. तरी विचारलंच.

"कुठं निघाले रे बापलेक?"

"काही नाही, असंच. पुण्याले."

"असंच? पेटी अन् स्टोव्ह घेऊन?" तो हासला. "मंग पुढं मुंबईलेही जाऊन ये, असंच."

मी हासलो नाही. गाडी आली, पेटी टपावर गेली, आम्ही आत बसलो. त्या "काही नाही"नं पुढं आमचं किती नुकसान करायचं ठेवलं होतं, ते तेव्हा कोणाले ठाऊक?

माझी शाळा चौथीपर्यंत. हे मी हातानं लिहून राह्यलो. शुद्धलेखन नातीनं सुधारलं, मतं मात्र मी तिले सुधारू दिली नाहीत. घरात आम्ही आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो, बाजारात वऱ्हाडीत. इथं तुम्हा सगळ्यांले समजावं म्हून मराठीत मांडतो. तांड्यावर राहिलेल्यांसाठी आहे, अन् तिथून निघालेल्या, हातात डिगरी घेऊन फिरणाऱ्या पोरापोरींसाठी तर जास्तच आहे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. दिग्रसच्या सरकी काढणाऱ्या जिनिंगा हंगाम अर्धा असतानाच थंड पडू लागल्या. मी शेत भावाकडं दिलं, कारण एका शेतात दोन भाऊ राबून उगीच एकमेकांकडं पाहत बसण्यात मले अर्थ वाटत नव्हता. वंदनाची बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या मामानं पुसदकडचं एक स्थळ आणलं. पोरगा बरा होता, मी खोटं सांगत नाही. पण वंदना म्हणाली, "मले आधी पगार पाहायचा आहे, नवरा मंग पाहू."

मामा चिडला. "भाऊजी, होळीपर्यंत पाहा. तोवर नोकरी नाही लागली तर होळीले पोरीले घेऊन या अन् मुकाट्यानं कुंकू लावा."

मी सगळ्यांदेखत हो म्हटलं. म्हंजे माझी इज्जत अन् पोरीचं आयुष्य, दोन्ही एकाच होळीले बांधलं गेलं.

निघताना माझी आई, आमची याडी, दारात बसली होती. ती रडली नाही. ती म्हणाली, "आपले आजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले. पण न विचारता कुठं तळ टाकला नाही. पाणी कुठं, चारा कुठं, चोर कुठं, आधी विचारायचे. तूही विचारत जा. तुले विचारायची लाज वाटते, लहानपणापासून."

मले लाज वाटत नव्हती. मले फक्त विचारायची गरज वाटत नव्हती. पण याडीशी वाद कोण घालते?

चाकणले एका चाळीत खोली मिळाली. पहिले काही आठवडे वंदनानं सगळ्या शिकलेल्या पोरी करतात तेच केलं. एकच अर्ज, त्याच्या झेरॉक्सा काढायच्या, अन् दिसेल त्या गेटवर वॉचमनच्या हातात द्यायच्या. संध्याकाळी पाय सुजवून यायची. एकदा मी सोबत गेलो. वॉचमननं अर्ज घेतला अन् डबा ठेवायले खाली अंथरला. दुसऱ्या गेटवर तर फक्त लेथ चालवणारे पाहिजे होते. पोरीची डिगरी केमिस्ट्रीची.

"वंदे," मी म्हटलं, "काळ्या जमिनीत अन् मुरमाड जमिनीत एकच बियाणं फेकतात का आपल्याकडं?"

"मंग काय करू बा? कुठं काय पाहिजे ते मले कसं माहीत होणार?"

तेव्हा मले याडी आठवली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी खोलीवर अन् मी रस्त्यावर. कंपन्यांच्या गेटासमोर चहाच्या टपऱ्या असतात. शिफ्ट सुटली की सगळी कंपनी तिथं येऊन बोलते. मी तिथं बसायचो अन् कोणाले काम मागायचो नाही, नुसती माहिती मागायचो. काम मागितलं की माणूस घड्याळ पाहते. माहिती मागितली की बाकावर सरकून जागा देते. कोणत्या कंपनीत पगार वेळेवर होतो? पोरींसाठी बस आहे का? बायांसाठी संडास आहे का? सुपरवायझर शिव्या देते का? माणसं कधी भरतात, कोण भरते? हे कोणत्याच पेपरात छापून येत नाही.

एका टपरीवर मी म्हटलं, "अरे, चहा एवढा पातळ काहून?"

टपरीवाल्यानं मान वर केली. "काहून म्हणता! आपल्याकडचे दिसता. कुठले?"

"दिग्रस. तू?"

"पुसद. बसा. तुम्हाले घट्ट देतो, हे पातळवालं इकडच्या लोकांचं आहे."

त्याचं नाव शेषराव. परमुलखात एका "काहून"नं माणूस सापडते, म्हून मी माझी बोली कधी धुऊन टाकली नाही. शेषरावनं सांगितलं की निळ्या गेटाच्या कंपनीत पॅकिंगची नवी लाईन सुरू होऊन राह्यली, बायांची. तिथल्या मॅडमले अशी पोरगी पाहिजे जी बायांकडून काम करून घेईल. "पण थांबा," तो म्हणाला, "अजून महिनाभर लागेल. तोवर पोरीले दुसरीकडं एखादा इंटरव्ह्यू देऊ द्या. पहिलाच इंटरव्ह्यू चांगल्या जागी देऊ नये."

हे मले पटलं. नवा बैल आधी रिकाम्या गाडीलेच जुंपतात.

पहिला इंटरव्ह्यू एका रबराच्या कारखान्यात होता. मी गेटाबाहेर थांबलो. आत गेलेली पोरगी चहा निवायच्या आत परत आली. चेहरा पाहून मले कळलं, तरी विचारलं.

"काय विचारलं?"

"दोन वर्षं काय केलं, असं विचारलं."

"मंग?"

"मी म्हटलं, काही नाही, घरीच होते."

मी ग्लास खाली ठेवला. "काही नाही?"

"हो. नोकरी कुठं होती मले?"

"अन् वेचणीच्या बाया कोण जमवत होतं? काट्यावर वजन कोण करत होतं? ओला कापूस वेगळा, किडका पिवळा वेगळा, हे कोण करत होतं? जिनिंगवर गाडी खाली होईपर्यंत ग्रेडरशी भांडत कोण उभं होतं, मी?"

"मीच होती," ती म्हणाली. "पण ते घरचं काम आहे बा. अन् तुम्हीच तर सांगत होते सगळ्यांले. कोणी विचारलं, पोरगी काय करते, का तुम्ही म्हणायचे, काही नाही, घरीच आहे."

"म्हणत असेन. ती बोलायची रीत झाली. तू ती कंपनीत सांगायची नव्हती!"

"रीत कोणती अन् खरं कोणतं, हे मले कसं समजणार?"

त्या दिवशी मले आमच्या सगळ्या मुलखाची खोड दिसली. आमच्याकडं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबलेल्या माणसाले विचारा, काय करून राह्यला? तो म्हणेल, काही नाही. पोरगा ट्रॅक्टर चालवते, मोटार बांधते, बाजार करते, अन् बाप म्हणते, रिकामाच आहे. पगाराचं नसलं की ते कामच नाही! नजर लागू नये म्हून म्हणतो, मोठेपणा दिसू नये म्हून म्हणतो, अन् म्हणता म्हणता पोरांले ते खरं वाटू लागते.

मी त्याच दिवशी कायदा केला. आमच्या खोलीत "काही नाही" हा शब्द बंद. भाजी काय आहे विचारलं तरी बंद. वंदना म्हणाली, "पण भाजी खरंच नाही." मी म्हटलं, "मंग तिखट-मीठ आहे असं सांग."

रोज संध्याकाळी मी बादली उलटी घालून साहेब होऊन बसायचो. ती समोर उभी.

"गेली दोन वर्षं काय केलं?"

"बा, तुम्ही साहेब नाही दिसत. साहेब लोक बनियनवर नसतात."

"उत्तर दे!"

आधी ती अडखळायची. मंग एकेक आठवायले लागली. बायांची भांडणं कशी मिटवली, पाऊस आला तेव्हा वेचलेला कापूस कसा झाकवला, कोणी बोंडाबरोबर पालापाचोळा भरला तर न ओरडता कसं परत निवडायले लावलं. मी म्हटलं, "अन् तुले भाषा किती येतात?" ती म्हणाली, "मराठी, हिंदी, कामापुरती इंग्रजी." मी म्हटलं, "गोरबोली कोणी शिकवली, शेजाऱ्यानं?" ती हासली. वऱ्हाडी धरून पाच झाल्या. लाईनीवर कुठकुठल्या बाया येतात. जिले पाच तऱ्हांनी बोलता येते, ती सहावीही उचलते.

एकदा एसटीडीवरून घरी फोन केला. बायको म्हणाली, "काय करून राह्यले?" माझ्या तोंडून निघालंच, "काही ना..." वंदनानं बाजूनं असा चिमटा घेतला, का फोन पडता पडता राहिला.

होळी जवळ आली. मामाचा निरोप आला, पाहुणे येणार आहेत. दोनच दिवसांनी शेषरावनं टपरीवरून हाक मारली, मॅडम उद्या इंटरव्ह्यूले बसणार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी निळ्या गेटासमोर तीन ग्लास घट्ट चहा प्यालो. शेषराव म्हणत होता, "काका, बसा ना. फेऱ्या मारून का पोरगी पास होणार आहे?" मी बसलो नाही. वंदना बाहेर आली तेव्हा शिफ्ट सुटून गेली होती.

"काय विचारलं?"

"तेच. दोन वर्षं काय केलं."

"मंग?"

"मी म्हटलं, घरी होते. अन् घरी काय काय केलं ते सांगत बसली. मॅडमनं तर चहा मागवला. मंग विचारलं, पॅकिंगचं मशीन येते का? मी म्हटलं, नाही येत. पण दाखवलं तर शिकीन."

माझं डोकंच सरकलं. "नाही येत म्हून सांगायची काय गरज होती?"

"बा," ती म्हणाली, "मी काट्यावर कधी खोटं वजन केलं नाही. इथं कसं करू?"

तिचं म्हणणं मले अजून पूर्ण पटलेलं नाही. पण नोकरी लागली, म्हून मी तो विषय वाढवत नाही.

होळीले आम्ही तांड्यावर गेलो, ते पेढे घेऊन. पाहुणे आले नाहीत. मामा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊजी, माझ्या पोराचंही पाहा ना तिकडं." लग्न वंदनानं पुढं केलं, तिच्या पसंतीनं, पगार पाहून झाल्यावर. बायको चाकणले आली. याडी मात्र आली नाही. शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मी तळ राखते, तुम्ही फिरा."

आता मी लिफ्टच्या बिल्डिंगीत राहतो. पाणी नळाले येते, कधी टँकरनं. वंदना दुसऱ्या कंपनीत आहे, अन् टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसते. मागं एक पोरगा आला, आर्णीकडचा. काय केलं विचारलं तर म्हणाला, काही नाही मॅडम, घरीच होतो. बाजूचे साहेब कागद पलटवायले लागले. वंदनानं विचारलं, "घरी म्हंजे काय काय?" पोरगा सांगायले लागला, तो थांबेचना. तिथं जागा दुसऱ्याले मिळाली. पण पुढच्याच गेटवर त्याचं काम झालं, असं तो स्वतः येऊन सांगून गेला, मलेच. कारण आपल्याकडची पोरं पुण्याकडं उतरली की आज ना उद्या माझ्याकडं येतात. बादली अजून तीच आहे.

तांड्याकडं निघालो की बिल्डिंगीचा वॉचमन विचारते, बाबा, कुठं? मी म्हणतो, घरी. तांड्यावरून निघालो की तिथंही म्हणतो, घरी. लोक हासतात. हासू द्या. पहिले घरी म्हंजे काही नाही असं होतं. आता मी दोन्ही जागी घरी आहो, कारण दोन्ही जागी मले काम आहे.

या होळीनंतर दिग्रसच्या स्टँडवर नायक भेटला. आता हातात काठी आहे त्याच्या, पण खोड गेली नाही.

"कुठं निघाला रे?"

"घरी."

"अन् तिकडं घरी बसून काय करतो दिवसभर, म्हाताऱ्या?"

मी खिडकीत जागा धरली अन् सांगायले लागलो. सकाळचं पाणी, नातीची शाळा, शेषरावच्या टपरीवरची चौकशी, दर रविवारी येणारी पोरं, त्यांची उत्तरं, त्यांची भाकर. गाडी हलली. नायक काठी टेकत सोबत चालत होता, मंग ओरडला, "पुरे रे, समजलं!"

मी थांबलो नाही. अजून अर्धं राहिलं होतं.