अभ्यासिकेतली बॅटरी

मुकुंदवाडीतल्या आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत रोज सकाळी एक बाई इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी कडेवर घेऊन यायच्या. घरमालकानं खोलीत चार्जिंगला बंदी केली होती. कोपऱ्यातल्या बोर्डाला बॅटरी लावायच्या, पदरानं पुसायच्या. दहाला ती स्कूटरला जोडून एमआयडीसीत कामगारांचे डबे पोचवायच्या.

एकदा मी तिथं पोरांना सांगत होतो, "नॉर्वेत आता बहुतेक नव्या गाड्या इलेक्ट्रिकच असतात." त्याच तोऱ्यात बाईंना म्हणालो, "मावशी, ही जागा अभ्यासाची आहे. इथंच शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो."

"व्हय ना भाऊ. मी शाळा पाह्यली नाय, बॅटरीला तरी बसू द्या अभ्यासाला. ती नापास झाली तर माझी माणसं उपाशी राहतील."

पोरं हसली. मग बाईंनी विचारलं, "तिकडं बाया बॅटरी कुठं लावतात?"

"घरीच. भिंतीला."

"सोताच्या भिंतीला?"

मी गाड्यांबद्दल वाचलं होतं, भिंतींबद्दल नाही. त्याच दिवशी विहार समितीला अर्ज लिहायला बसलो, की तो बोर्ड या बाईंसाठी राखून ठेवावा. त्यांचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा कळलं, वर्षभरात मी ते विचारलंच नव्हतं.