सुमनचा हिरवा चुडा

परवा नातसुनेच्या डोहाळजेवणाला कासारीण आली. बांगड्या भरायला तिनं वाटीत साबणाचं पाणी केलं, आणि त्या वासानं मी एकदम पारगावच्या आमच्या जुन्या ओट्यावर जाऊन बसले. नव्वद-ब्याण्णव साल असेल.

सुमन माझी धाकटी जाऊ, पहिलटकरीण. तिचं डोहाळजेवण, आणि हिरवा चुडा काही केल्या हातात चढेना. हात लई सुजलेले, पायातली जोडवी बोटांत रुतलेली.

"आक्का, डोकं फुटतंय वं. डोळ्यापुढं अंधारी येतीया," ती हळूच म्हणाली.

"पोरगा हाय गं, आत्तापासनंच छळतोय आईला!" कुणीतरी म्हणालं, आणि बाया खिदळल्या.

सासूबाई म्हणाल्या, "आमी काय बाळंत झालो न्हाई व्हय? ऊठसूट दवाखाना कशाला?"

सुनेचं दुखणं म्हणजे नखरा, हे आम्हा सगळ्यांनाच पाठ. मग मीच तिची बोटं आवळून धरली, साबण चोळला आणि एकेक बांगडी वर रेटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र कौतुक कशाचं, तर एकही बांगडी फुटली नाही याचं.

माहेरी निघायच्या आधीच तिला झटके आले. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. आंघोळ घालताना चुडा काढू म्हटलं, तर सुजल्या हातातून तो निघेना.

"राहू द्या," बाया म्हणाल्या, "सवाष्ण भरल्या हातानं गेली. भाग्याची."

मीही मान डोलावली.