परदेशी बँकेचा दहावा

माझ्या लग्नातला सूट परदेशी बँकेच्या अंगावर जळाला आणि त्याबद्दल आजतागायत मला कुणी साधं सॉरी म्हटलेलं नाही. सुरुवात तिथूनच करतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल.

आमचं गाव नारायणगावहून खोडदकडे जाताना लागतं. रस्त्याला लागून भावकीची रानं आहेत आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध माझ्या चुलतीचं रान आहे, विहिरीसकट. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. काकी एकटी राहते, एकटी रान करते आणि 'काकी, आता बास करा की' असं कुणी म्हटलं, तर त्याच्याच हातात खुरपं देऊन त्याला वाफ्यात बसवते. मलाही बसवलंय.

तर या रानांच्या कडेला एक दिवस बोर्ड लागला. जागतिक दर्जाचं फळ-भाजी केंद्र. समुद्रापलीकडची कुठलीशी बँक पैसा लावणार, इथं मोठमोठी थंड गोदामं होणार, माल परस्पर परदेशात जाणार आणि भाव तिकडचे लोक ठरवणार. बँकेची अट एकच होती, जागा सलग पाहिजे, मधे कुणाचं काही नको. भावकीनं धडाधड संमती दिली. काकीनं दिली नाही. त्यामुळे अख्खं जागतिकीकरण येऊन आमच्या काकीच्या विहिरीपाशी अडून बसलं.

पुढं ज्यांनी संमती दिली त्यांनाच धाकधूक सुरू झाली. एक जण पारावर म्हणाला, "आज मार्केटात भाव पडला तर निदान व्यापाऱ्याच्या तोंडावर शिव्या देतो. उद्या शिव्या द्यायला इमानानं समुद्रापल्याड जायचं का?" हे सगळ्यांना पटलं. लगेच कृती समिती निघाली आणि ज्या भाऊंनी सगळ्यांच्या आधी संमती दिली होती, तेच समितीचे अध्यक्ष झाले. आमच्याकडे पश्चात्ताप झालेल्या माणसाला पद देतात.

कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. तिकडं परदेशात त्याच बँकेची वार्षिक सभा भरणार होती आणि बाहेर तिच्या विरोधात हजारो माणसं रस्त्यावर शांततेनं बसणार होती. व्हिडिओ आधीच्या वर्षीचा होता. ढोल, रंगवलेली तोंडं, काठ्यांवर नाचवलेले उंच पुतळे, आणि कुठं दगड नाही की धोंडा नाही. अध्यक्ष हरखून गेले. म्हणाले, "राव, ही तर आपलीच मान्सं हायती! आपन बी त्याच दिवशी करू. पुतळा काढू." आता पुतळा कुणाचा? बँकेचा. बँक दिसते कशी? ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी ठरलं की बँक सूट घालत असणार, आणि गावात सूट एकट्या माझ्याकडे होता.

बायकोनं तो परस्पर काढून दिला. म्हणे, "तुम्हाला तसाही होत नाही." द्राक्षबागेतलं बुजगावणं आणून त्याला माझा सूट चढवला, आणि खरं सांगतो, त्याला तो माझ्यापेक्षा बरा दिसत होता. अंत्ययात्रा निघाली. तिरडी, ताशा, पुढं मडकं, सगळं रीतसर. बायका आधी तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण तिरडी उचलल्यावर दोघी-तिघींनी सवयीनं हंबरडा फोडला आणि मग तो थांबवता येईना. चितेपाशी गेल्यावर प्रश्न आला, अग्नी कोण देणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "कापडं तुजी हायती. तूच जवळचा."

असा मी बँकेचा थोरला मुलगा झालो.

या अंत्ययात्रेचा व्हिडिओ कुणीतरी तिकडच्या आंदोलकांना पाठवला. तिकडून निरोप आला की फार भारी, आता पुढं काय करणार? तसं पुढचं काहीच ठरलं नव्हतं. मोर्चाला परवानगी मागितली तर पोलिसांनी जमावबंदी दाखवली. पाचाच्या वर माणसं दिसली की उचलणार म्हणाले. समिती तोंड पाडून बसली. तेवढ्यात अध्यक्षांचे डोळे चमकले.

"दहाव्याला परवानगी लागती का?"

लागत नाही. जुन्नर-आंबेगावात तर नाहीच नाही. आमच्या भागात दहावा म्हणजे काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नदीच्या घाटावर मांडव, माईक, प्रवचन, मग पुढाऱ्यांची रांग. लग्नाला नाही गेलं तर चालतं, दहाव्याला नाही गेलं तर पुढारी निवडणुकीत पडतो. घाटावर हजार माणूस जमलं तरी पोलीस उलट गाड्या लावायला मदत करतात. गावोगाव निरोप गेले. पार अवसरी बुद्रुकपासून माणसं आली, आणि त्यातल्या निम्म्यांना नक्की कोण गेलंय हे माहीतच नव्हतं. गाडीतून उतरून माझ्याजवळ येत होते, खांद्यावर हात ठेवत होते. एका पावण्यानं विचारलं, "आजारी व्हते का?" मी म्हटलं, "नाही, ठणठणीत होते." तो म्हणाला, "असंच असतंय बघा."

माझं डोकं भादरलं होतं. वडील गेलेले असल्यामुळे घरातून हरकत घ्यायला जागा नव्हती. बायको मात्र मांडवाच्या टोकाला बसून माझ्या टकलाकडे बघून खुदूखुदू हसत होती. गुरुजींनी गोत्र विचारलं. बँकेचं गोत्र? गुरुजी अनुभवी माणूस. म्हणाले, "माहीत नसलं की कश्यप." आणि सुरू झाले.

खरी गंमत झाली श्रद्धांजलीला. हे आंदोलन आहे, बँकेच्या विरोधात बोलायचंय, हे प्रत्येक वक्त्याला दोन-दोनदा बजावलं होतं. पण घाट तोच, माईक तोच, समोर हार घातलेला फोटो (बँकेचा फोटो नव्हताच म्हणून जाळण्याआधी काढलेला नुसत्या सुटाचा लावला होता), आणि गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलायची आमच्या जिभेला सवयच नाही. पहिला उठला आणि म्हणाला, "अत्यंत मनमिळाऊ स्वभाव." दुसरा म्हणाला, "दारी आलेल्याला कधी रिकाम्या हातानं पाठवलं न्हाई." तिसऱ्याचा गळा भरून आला. तालुक्यात कधी न भरून येणारी पोकळी निर्माण झाली, म्हणाला. मी बसल्या जागेवरून हातवारे करत होतो, अहो विरोध, विरोध! तर त्यानं माझ्याकडं बघून माईकमध्ये सांगितलं की परमेश्वर थोरल्या चिरंजीवांना हे दुःख सोसायची ताकद देवो. बंदोबस्ताला आलेला हवालदार टोपी काढून उभा राहिला. डोक्याला हात लावावा म्हटलं तर डोक्यावर केससुद्धा नव्हते.

मग पिंड मांडला. घाटावरच्या त्या काळ्या दगडावर भाताचा पिंड, आणि मी हात जोडून बाजूला. कावळा शिवला की सुटलो. पंगत तयार होती, आमटीचा वास नदीपर्यंत येत होता. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेलेही होते.

पण एकही खाली येईना.

ऊन तापलं. लोक चुळबुळायला लागले. एक जण म्हणाला, खोडदच्या त्या मोठाल्या रेडिओ दुर्बिणींमुळं कावळ्यांना दिशा कळत नाही. त्याला दुसऱ्यानं गप्प केलं, "काल माज्या मावशीच्या दहाव्याला बरी कळली!" मग रीतीप्रमाणं मयताची इच्छा शोधायला सुरुवात झाली. आमच्याकडे कावळा शिवत नसेल तर मेलेल्याची काहीतरी इच्छा मागं राहिलेली असते. ती ओळखायची, पुरी करू म्हणून मोठ्यानं सबूद द्यायचा, की कावळा येतो. लोक माझ्या मागून ओरडायला लागले. "तुमची पुढची सभा सुखरूप पार पाडू!" "तुमच्या शाखा वाढू द्या!" "तुमचं नाव राखू!" अख्खं आंदोलन घाटावर उभं राहून बँकेची भरभराट चिंतत होतं. कावळे मान वाकडी करून बघत होते.

आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "इच्छा काय ते सगळ्यांना ठावं हाय. जागा सलग व्हायची राहिली."

सगळी डोकी वळली. बायकांच्या पुढच्या रांगेत काकी बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून.

"काकी," अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "नुसतं म्हना. रान देते म्हनून. खोटं खोटं. लोकं उपाशी हायती."

"न्हाई म्हननार," काकी म्हणाली.

"अवो, हितं कोन लिहून घेतंय? तोंडानं म्हनायचं नुसतं."

"न्हाई."

मग जो तो सुरू झाला. काकी हट्टी. काकी एकटीसाठी सगळ्यांना उन्हात ठेवते. लहान लेकरं भुकेली आहेत. अरे, आपली रानं वाचावीत म्हणून ना हा मांडव घातला? आणि आमटी निवते म्हणून तुम्ही तिचंच रान मागता? मला असा संताप आला की मी पिंडासमोरूनच ओरडलो, "लाज वाटू द्या रे जरा!" कुणी ऐकलं नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखात बोलतोय.

काकी उठली. पदर खोचला आणि दगडापाशी आली.

"खोटं म्हनायचं? आन् ह्या दगडाम्होरं?" ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माईक चालू राहिला होता. "ह्याचा चुलता गेला तवा पिंड हितंच व्हता. ऊन असंच. कावळे त्याच बाभळीवर. भावकीनं लई कायबाय कबूल केलं. बायकूला संभाळू म्हनले, देव्हाऱ्यात टाक बसवून देव करू म्हनले. एक कावळा हलला न्हाई. मंग मी म्हनले, रान कुनाला देनार न्हाई, हातपाय हलत्यात तवर कसीन. सबूद तोंडातच व्हता तर कावळा आला." तिनं पिंडाकडं बोट केलं. "मेल्या मानसाला दिलेला सबूद हाय त्यो. ह्या बुजगावन्यासाठी मोडू व्हय?"

अध्यक्षांनी टोपी काढली आणि ती हातात धरून नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, कुणाला ते कळलं नाही, "बापाला मी बी हेच म्हनलो व्हतो. ह्याच दगडावर."

शेजारच्या माणसानं मान खाली घातली. त्याच्या शेजारच्यानंही. आमच्या भावकीत असा कोण होता, ज्यानं बापाच्या पिंडाला त्या दगडावर रानाचा सबूद दिला नव्हता? आम्ही सगळ्यांनी दिला होता. कावळा शिवला, जेवलो, विसरलो. मीसुद्धा वडलांच्या वेळी काहीतरी पुटपुटलो होतो, काय ते मला आता आठवेना, आणि तिथं उभ्या उभ्या मला रडू आलं. माणसांना वाटलं, बँकेसाठी.

गुरुजींनी दर्भ हातात घेतला. कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करून शिववतात, म्हणजे आत्मा सुटतो. अध्यक्षांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी."

"अहो, आत्मा भुकेला राहील."

"ऱ्हाऊ द्या भुकेला. हिंडू द्या त्याला."

आमच्या घाटावर आजवर कुणाचा पिंड तसाच सोडला नव्हता. दारुड्याचा नाही, वैऱ्याचा नाही. बँकेचा सोडला. आम्ही मांडवात येऊन जेवायला बसलो आणि सगळे मुकाट्यानं जेवले. हवालदारही जेवला. त्यानं वर कळवलं की जमाव शोकाकुल होता, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष संमती मागं घ्यायला कचेरीत गेले. त्यांच्या मागून बाकीचेही गेले. साहेब म्हणाले, कारण काय सांगू वर? अध्यक्षांनी कावळ्याचं सांगितलं. ते साहेबांनी कसं कळवलं असेल देव जाणे. बोर्ड अजून तिथंच आहे, त्याच्यावर काकीनं कारल्याचा वेल सोडलाय.

मी काकीकडं गेलो तेव्हा डोक्यावर जरा कुठं खुंट उगवले होते. ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. मला बघून हसली. म्हणाली, "बँकेच्या लेका, ये." मग बराच वेळ टोमॅटोच्या रोपांविषयी बोलत राहिली आणि बोलता बोलता म्हणाली, "माज्या दहाव्याला तूच बसशील ना रं?"

"असं काय बोलतेस गं काकी?"

"बसशील. दुसरं हाय कोन? कावळा न्हाई आला तर काय म्हनायचं ठावं हाय का?"

"आहे."

"म्हन बघू."

मी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं, रान होतं नुसतं. माझी पोरं पुण्यात, मातीत पाय घालायला तयार नाहीत. मला वाटलं, म्हणायचं तर आहे नुसतं, म्हणून टाकू. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

काकीनं घाई केली नाही. पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघत बसून राहिली.